लाईट बिल वाढलंय आणि थकलंयही, तर आता नेमकं काय करायचं

हा लेख महाराष्ट्रातल्या घरगुती वीज ग्राहकांसाठी आहे, मुख्यतः महावितरणच्या. मुंबईत बेस्ट, अदानी किंवा टाटा असेल तर दर वेगळे, बिलाचा कागद वेगळा, पण कायदा तोच आणि आयोगाचे (म्हणजे वीजदर ठरवणाऱ्या महाराष्ट्र वीज नियामक आयोगाचे) नियमही तेच, त्यामुळे त्यांनाही बहुतेक सगळं लागू पडेल.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. "बिल खूप आलं" या एका वाक्यात तीन वेगवेगळ्या तक्रारी असतात. एक म्हणजे युनिट जास्त पडले. दुसरी, दर वाढला. आणि तिसरी म्हणजे मागची थकबाकी आणि तिच्यावरचं व्याज या बिलात येऊन बसलं. या तिघांचे उपाय वेगळे, अर्ज वेगळे, दारंही वेगळी. लोक काय करतात, तिन्ही एकत्र करून ऑफिसात जाऊन भांडतात, समोरचा म्हणतो "दर आयोगाने वाढवलेत, आमच्या हातात काय आहे", आणि माणूस परत येतो, खरं तर त्याचं दुखणं दराचं नसतंच, रीडिंग चुकलेलं असतं. म्हणून भांडायच्या आधी बिल फाडून बघा, म्हणजे आकड्यांनी फाडून.

पायरी १: युनिट खरे आहेत का ते बघा

शेवटची बारा बिलं काढा. कागदी नसतील तर महावितरणच्या ॲपवर किंवा वेबसाइटवर बारा आकडी ग्राहक क्रमांक टाकला की मागची बिलं मिळतात. बिलावर चालू रीडिंग, मागील रीडिंग, गुणक अवयव (रीडिंगच्या फरकाला ज्याने गुणतात तो आकडा) आणि युनिट अशी ओळ असते. चालूतून मागील वजा केलं की युनिट आले पाहिजेत (घरगुती मीटरला गुणक अवयव बहुतेक वेळा १ असतो, तिथे दुसरा काही आकडा दिसला तर लगेच विचारा).

आता मीटरसमोर जा आणि आजचं रीडिंग मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवा. डिजिटल मीटरच्या स्क्रीनवर तारीख, वेळ, व्होल्टेज असं बरंच काही फिरत राहतं, आपल्याला हवंय ते केडब्ल्यूएच (म्हणजेच युनिट) लिहिलेलं. फोटोत मीटरचा नंबर पण आला पाहिजे, आणि तो बिलावरच्या मीटर नंबरशी जुळतो का ते बघा. हसू नका, बिल्डिंगमध्ये एकाच पॅनेलवर वीस-पंचवीस मीटर असतात तिथे तुमची वायर शेजाऱ्याच्या मीटरला आणि त्याची तुमच्याला असा घोळ होऊ शकतो. तपासायला सोपं आहे, घरातला मेन स्विच बंद करा आणि खाली कोणाला तरी उभं करून कुठल्या मीटरचा लाल दिवा लुकलुकायचा थांबला ते बघायला सांगा. मेन बंद असूनही तुमच्या मीटरचा दिवा लुकलुकत असेल तर कुठेतरी गळती आहे, किंवा कोणी वायर टाकलीय, किंवा मीटरच बिघडलंय.

यानंतर बिलावर रीडिंगची स्थिती काय छापलीय ते बघा. नॉर्मल असेल तर ठीक. लॉक्ड, फॉल्टी, इनअ‍ॅक्सेस, आरएनए असलं काही असेल तर याचा अर्थ त्या महिन्यात कोणी खरं रीडिंग घेतलेलंच नाही आणि बिल सरासरीने काढलंय. बहुतेक अचानक मोठ्या बिलांचं मूळ इथे असतं, चार महिने सरासरीचं कमी बिल आलं, आपण खुशीत भरलं, आणि पाचव्या महिन्यात रीडिंग घेतल्यावर राहिलेले सगळे युनिट एकदम पडले.

पायरी २: एकदम पडलेले युनिट महिन्यांत वाटून मागा

यावर जरा थांबतो कारण इथे लोकांचे सरळ सरळ पैसे जातात.

घरगुती दर टप्प्यांचा असतो, म्हणजे ० ते १०० युनिट, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि ५०० च्या वर. जेवढा वरचा टप्पा तेवढा युनिटचा दर जास्त. बऱ्याच जणांना वाटतं की १०१ वं युनिट पडलं की सगळ्याच युनिटला वरचा दर लागतो, तसं नाहीये. पहिल्या शंभरला पहिलाच दर, फक्त वरच्या युनिटला पुढचा दर.

आता समजा दोन महिन्यांचं रीडिंग एकत्र आलं, ४२० युनिट. हे एकाच महिन्याचे धरले तर १०० पहिल्या टप्प्यात, २०० दुसऱ्यात आणि १२० तिसऱ्या महाग टप्प्यात. पण हेच दोन महिन्यांचे धरले तर महिन्याला २१० पडतात, म्हणजे दोन्ही मिळून २०० युनिट पहिल्या टप्प्यात, २२० दुसऱ्यात आणि तिसऱ्या टप्प्यात शून्य. वापर तोच, युनिट तेच, पण बिलात चांगलाच फरक. चार-पाच महिन्यांचं एकत्र आलं असेल तर फरक आणखी मोठा.

म्हणून अर्जात "बिल कमी करा" असं लिहू नका, "अमुक ते अमुक महिन्यांत प्रत्यक्ष रीडिंग झालेलं नाही, एकत्रित आलेले युनिट त्या महिन्यांत विभागून प्रत्येक महिन्याच्या टप्प्याचा लाभ देऊन बिल दुरुस्त करावं आणि मधल्या काळात भरलेली सरासरी बिलं वजा करावीत" असं लिहा. काही वेळा सिस्टिम हे आपोआप करते, बिलाच्या मागच्या बाजूला किंवा तपशिलात किती महिन्यांचं बिल धरलंय ते दिसतं, पण आपोआप झालं असेल असं गृहीत धरू नका.

मीटर पूर्ण बंदच पडलं असेल तर नियम वेगळा. बंद मीटरसाठी जास्तीत जास्त तीन महिन्यांचं बिल काढता येतं, आणि ते त्याआधीच्या बारा महिन्यांच्या सरासरीवर. "मीटर वर्षभर बंद होतं, वर्षभराचं भरा" असं कोणी तोंडी सांगितलं तर आयोगाचा पुरवठा संहितेचा २०२१ चा विनियम दाखवा.

पायरी ३: दर खरंच किती वाढला ते काढा

युनिट बरोबर निघाले तर मग दराकडे या. गेल्या वर्षीचं एक असं बिल शोधा ज्यात युनिट जवळपास आत्ताइतकेच आहेत, आणि दोन्ही शेजारी ठेवून एकेक ओळ ताडून बघा. स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार (वीज घरापर्यंत वाहून आणण्याचा), इंधन समायोजन आकार (वीज बनवण्या-घेण्याच्या खर्चातल्या चढउताराचा), वीज शुल्क.

स्थिर आकार म्हणजे घर बंद असलं, एक युनिटही जळलं नाही तरी लागणारा. वीज आकार आणि वहन आकार युनिटवर. इंधन समायोजन महिन्या-महिन्याला बदलू शकतं, कधी शून्य, कधी खिसा कापणारं. आणि वीज शुल्क हे राज्य सरकारचं, घरगुतीला १६ टक्के, ते वरच्या आकारांवर टक्क्याने बसतं, म्हणजे दर वाढला की हेही आपसूक वाढतं, याची कोणी वेगळी बातमी करत नाही.

वीज कायदा २००३ च्या कलम ६२ नुसार दर ठरवायचा अधिकार महाराष्ट्र वीज नियामक आयोगाला आहे, कंपनीला नाही, आणि एका आर्थिक वर्षात साधारणपणे एकदाच दर बदलता येतो. अपवाद इंधन आकाराच्या सूत्राचा. त्यामुळे वर्षाच्या मधेच बिल चढलं आणि युनिट तेच असतील तर पहिला संशय इंधन समायोजनावर घ्या.

बिलावरचा दरसंकेत पण बघा, घरगुती आहे ना. घरातल्या एका खोलीत शिवणकाम, क्लास, छोटं दुकान चालत असेल तर लगेच कमर्शियल लावायचं असं नाही, महिन्याला ३०० युनिट आणि मागच्या वर्षभरात ३६०० युनिटच्या आत वापर असेल तर घरगुतीच दर ठेवायची तरतूद आयोगाच्या दर आदेशात आहे. पण स्वतंत्र गाळा असेल आणि मीटर घरगुती असेल तर मात्र अनधिकृत वापराचं कलम १२६ लागू शकतं, ते प्रकरण वेगळं आहे, शेवटाकडे बोलतो.

पायरी ४: थकबाकीचा आकडा उघडून बघा

बिलावर "थकबाकी" म्हणून एकच ओळ येते आणि तिच्यात काय काय दडलंय कळत नाही. यासाठी उपविभाग कार्यालयात जाऊन सीपीएल मागा. सीपीएल म्हणजे तुमच्या ग्राहक क्रमांकाचा खातेउतारा, महिन्यावार किती बिल लागलं, किती जमा झालं, व्याज किती, समायोजन किती, सगळं त्यात असतं. शब्द हाच वापरा, सीपीएल, खिडकीवरच्या माणसाला लगेच कळतं की हा गृहस्थ तयारीने आलाय.

त्यात या गोष्टी शोधा: तुम्ही भरलेलं एखादं बिल जमाच झालेलं नाही असं आहे का (ऑनलाइन भरताना एक आकडा चुकून पैसे दुसऱ्याच्या खात्यात जातात, हे होतं). कुठे "समायोजन" म्हणून एखादी रक्कम अचानक चढवलीय का. व्याज कुठल्या महिन्यापासून लागलंय.

थकण्याची किंमत साधारण अशी चढते. मुदतीत न भरल्यास विलंब आकार १.२५ टक्के लागतो. बिलाच्या तारखेपासून ६० दिवस उलटले की वर्षाला १२ टक्क्यांपासून व्याज सुरू होतं आणि थकबाकी जशी जुनी होते तसा व्याजाचा दरही वर जातो. उलट वेळेत भरणाऱ्याला सवलत आहे, सात दिवसांच्या आत भरलं तर एक टक्का तत्पर भरणा सूट, ऑनलाइन भरलं तर ०.२५ टक्के वेगळी. रकमा छोट्या आहेत पण थकबाकीदार माणूस दोन्हीकडून मार खातो, सूटही जाते आणि व्याजही लागतं.

आणि हो, वर्षातून एकदा जे वेगळं बिल येतं "अतिरिक्त सुरक्षा ठेव" म्हणून, ते थकबाकीत धरू नका. दर वाढले की तुमचं सरासरी बिल वाढतं, आणि ठेव ही महिन्याला बिल येणाऱ्यांसाठी दोन महिन्यांच्या सरासरी बिलाइतकी असावी लागते, म्हणून फरक मागतात. म्हणजे दरवाढ एकदा बिलात बसते आणि एकदा ठेवीत. ती हप्त्यांत भरायची सोय आहे, सहा समान हप्ते मागता येतात. ठेवीवर तुम्हाला व्याज मिळतं, ते बिलात वजा होऊन येतं, आलंय का ते बघा. कायदा सांगतो हे व्याज किमान रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटइतकं असलं पाहिजे.

पायरी ५: नोटीस आली तर

थकबाकीसाठी लाईट कापायची असेल तर कलम ५६(१) नुसार पूर्ण १५ दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. बिलावर छापलेली शेवटची तारीख उलटली म्हणून दुसऱ्या दिवशी शिडी लावता येत नाही. पण एक पेच आहे, आता नोटीस एसएमएस, व्हॉट्सॲप, ईमेलवर पण पाठवता येते, आणि तुमच्या कनेक्शनला जर जुन्या मालकाचा किंवा बंद पडलेला मोबाईल नंबर जोडलेला असेल तर नोटीस कुठेतरी गेलेली असते आणि तुम्ही म्हणता मिळालीच नाही. आज पहिलं काम हेच करा, नंबर अपडेट करा.

याच्या उलटही सांभाळा. "तुमचं मागील महिन्याचं बिल अपडेट नाही, आज रात्री साडेनऊला वीज कापली जाईल, या अधिकाऱ्याच्या नंबरवर फोन करा" असा मेसेज एखाद्या साध्या मोबाईल नंबरवरून आला तर तो चोराचा आहे. महावितरणचे एसएमएस दहा आकडी खासगी नंबरवरून येत नाहीत, सेंडरच्या नावात कंपनीचं नाव असतं. फोन केला की ते एखादं ॲप टाकायला सांगतात, दहा रुपये भरायला सांगतात आणि खातं रिकामं. खरंच थकलंय का ते ॲपवर नाहीतर १९१२ या वीज हेल्पलाइनवर तपासा. फसलाच असाल तर ताबडतोब १९३०, ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन.

पायरी ६: रक्कम चुकीची आहे असं वाटत असेल तर

इथे सगळ्यात मोठी घोडचूक होते. "बिल चुकीचंय, दुरुस्त करून द्या मगच भरतो" म्हणून लोक भरणंच थांबवतात. मनातल्या मनात. लेखी काही नाही. सहा महिने जातात, व्याज चढतं, आणि मग तुमचा वाद वाद राहत नाही, तुम्ही साधे थकबाकीदार होता.

कायद्यात याला छान तोड दिलेली आहे आणि ती फार कमी लोक वापरतात. कलम ५६(१) मध्येच म्हटलंय की ग्राहकाने निषेध नोंदवून पैसे भरले तर वाद मिटेपर्यंत लाईट कापता येत नाही. किती भरायचे? एकतर मागितलेली पूर्ण रक्कम, नाहीतर मागच्या सहा महिन्यांत भरलेल्या बिलांच्या सरासरीने दर महिन्याचे, यातलं जे कमी असेल ते. उदाहरणार्थ एका महिन्याचं बिल १४,६०० आलं आणि तुमची सहा महिन्यांची सरासरी १,८०० आहे, तर त्या वादाच्या महिन्यापोटी १,८०० निषेध नोंदवून भरा आणि पुढची बिलं येतील तशी त्यातली चालू रक्कम भरत राहा. ऑनलाइनवर निषेध नोंदवायची जागा नसते, म्हणून भरायच्या आधी अर्ज द्या आणि त्यात हे लिहा.

अर्जाचा नमुना देतो, हवा तसा बदला:

प्रति, उपकार्यकारी अभियंता, (उपविभागाचं नाव).
विषय: माहे ____ चे वीज देयक दुरुस्त करणेबाबत व वीज कायदा २००३ कलम ५६(१) अन्वये निषेध नोंदवून रक्कम भरणेबाबत.
माझा ग्राहक क्रमांक ____, मीटर क्रमांक ____ आहे. माहे ____ चे रु. ____ चे देयक मला मान्य नाही. कारण: ____ (प्रत्यक्ष रीडिंग न घेता सरासरी आकारणी / देयकावरील रीडिंग ____ असून मीटरवर दिनांक ____ रोजी ____ आहे / भरलेली रक्कम जमा नाही). सोबत मीटरचा फोटो, मागील देयके व पावत्या जोडल्या आहेत. मागील सहा महिन्यांच्या सरासरीनुसार रु. ____ मी निषेध नोंदवून भरत आहे. देयक तपासून दुरुस्त करावे, मीटर तपासणी करून अहवालाची प्रत द्यावी, आणि वाद मिटेपर्यंत पुरवठा खंडित करू नये.

दोन प्रती न्या आणि एकीवर आवक क्रमांक, शिक्का, तारीख घ्या. शिक्का देत नसतील तर स्पीड पोस्टाने पाठवा, सोबत ईमेल करा. तोंडी सांगितलेलं, वायरमनला सांगितलेलं, ओळखीच्या साहेबाला फोनवर सांगितलेलं, यातलं काहीही नंतर उपयोगी पडत नाही. बिचारा वायरमन तर फक्त यादी घेऊन आलेला असतो, त्याच्याशी भांडून काही दुरुस्त होत नाही, आणि त्याच्या अंगावर धावून जाणं म्हणजे सरकारी कामात अडथळ्याचा गुन्हा ओढवून घेणं.

जुनी, विसरलेली थकबाकी अचानक उकरून काढली असेल तर कलम ५६(२) लक्षात ठेवा. रक्कम पहिल्यांदा देय झाल्यापासून दोन वर्षांनंतर ती वसूल करता येत नाही आणि तिच्यासाठी लाईटही कापता येत नाही, पण मधल्या काळात ती प्रत्येक बिलात थकबाकी म्हणून सलग दाखवलेली असेल तर ही सवलत नाही. म्हणून ती बारा-चोवीस बिलं जपून ठेवायची. मात्र फार हुरळून जाऊ नका, सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये अजमेर विद्युत वितरण निगमच्या प्रकरणात सांगितलंय की रक्कम बिल दिल्यावर "देय" होते, आणि आकारणीत खरोखर चूक झाली असेल तर कंपनी दोन वर्षांनंतरही पुरवणी बिल देऊ शकते, फक्त त्यासाठी लाईट कापायची धमकी वापरता येत नाही. दिवाणी मार्गाने वसुली करायला कंपनी मोकळी असते.

पायरी ७: रक्कम बरोबर आहे, पण पैसे नाहीत

मग लाजू नका आणि लपूही नका. लाईट कापल्यावर ऑफिसला जाण्यापेक्षा नोटिशीच्या १५ दिवसांत गेलात तर हप्ते मिळायची शक्यता कितीतरी जास्त. हप्त्यांचा अर्ज पण उपविभागातच द्यायचा, रक्कम मोठी असेल तर तो वरच्या कार्यालयाकडे, म्हणजे विभागाच्या कार्यकारी अभियंत्याकडे जातो.

जाण्याआधी घरी हिशोब करा. हप्ता ठरवताना लोक फक्त थकबाकी भागिले महिने करतात आणि विसरतात की चालू बिल पण भरायचंय. थकबाकी ९,००० असेल आणि चालू बिल १,५०० येत असेल तर सहा हप्ते म्हणजे महिन्याला १,५०० नाही, ३,००० लागणार. हे झेपत नसेल तर सुरुवातीलाच जास्त हप्ते मागा, कारण एक हप्ता चुकला की मिळालेली सवलत मोडते आणि दुसऱ्यांदा कोणी ऐकत नाही. पहिली थोडी मोठी रक्कम हातात घेऊन जा, त्याने बोलणं सोपं होतं. हप्त्यांचं लेखी घ्या, "भरा तुम्ही, बघू पुढे" याला हप्ता म्हणत नाहीत. काउंटरवर रोखीने भरणार असाल तर घरगुतीला महिन्याला ५,००० पर्यंतच रोख घेतात, वरचं ऑनलाइन नाहीतर चेकने.

अभय योजनेची वाट बघत बसू का, असं बरेच जण विचारतात. २०२४ साली महावितरणने कायमस्वरूपी कनेक्शन तुटलेल्यांसाठी अशी योजना काढली होती, त्यात मूळ रक्कम भरली की व्याज आणि विलंब आकार माफ होता, एकरकमी भरणाऱ्या लघुदाब ग्राहकांना (घरगुती कनेक्शन यातच येतं) आणखी १० टक्के सूट. पण ती ज्यांची लाईट आधीच कायमची तुटलीय त्यांच्यासाठी होती. चालू कनेक्शनवाल्याने पुढच्या योजनेच्या आशेवर बिल थकवणं म्हणजे आधी अंधारात बसा आणि मग सूट घ्या. लोकअदालतीत मात्र जुनी प्रकरणं तडजोडीने मिटतात, तशी नोटीस आली तर जरूर जा.

पायरी ८: लाईट कापली गेली, किंवा थकबाकी दुसऱ्याची आहे

सुरुवातीला जी कापतात ती तात्पुरती, ऑफिसच्या भाषेत टीडी. थकबाकी आणि पुनर्जोडणी शुल्क भरून पावती दाखवली की जोडतात. शेजाऱ्याकडून वायर ओढून घेऊ नका, त्यात शेजारीही अडकतो. थकबाकी न भरता बरेच महिने गेले की कनेक्शन पीडी होतं, म्हणजे कायमचं बंद, मीटर काढून नेतात, सुरक्षा ठेव थकबाकीत वळती करतात आणि नंतर नवीन कनेक्शनचा सगळा खेळ पुन्हा.

आणि थकबाकी नुसती माणसाबरोबर जात नाही, जागेलाही चिकटते. जुना फ्लॅट घेतला, मागच्या मालकाने बिल बुडवलंय, तर नवीन कनेक्शन मागायला गेलात की ते समोर येतं. सुप्रीम कोर्टाने मे २०२३ मध्ये के. सी. निनन विरुद्ध केरळ राज्य वीज मंडळ या निकालात हे मान्य केलंय की नियमांत तशी तरतूद असेल तर आधीच्या मालकाची थकबाकी भरल्याशिवाय नवीन कनेक्शन न देणं चालतं. म्हणून जागा घेताना, लिलावातली असेल तर दुप्पट काळजीने, त्या पत्त्यावर बंद पडलेलं दुसरं मीटर होतं का तेही ऑफिसात विचारा, नुसतं चालू मीटरचं शेवटचं बिल बघून भागत नाही. भाड्याने देणाऱ्यांनी भाडेकरू जायच्या दिवशी रीडिंगचा फोटो आणि त्या दिवसापर्यंतचं बिल भरून घ्यावं, मग अनामत परत.

पायरी ९: ऑफिसने ऐकलं नाही तर मंच, मग लोकपाल

लेखी तक्रारीला उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंचाकडे जा. परिमंडळ पातळीवर असतो, वकील लागत नाही, आणि साध्या मराठीत लिहिलेलं चालतं. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षं. मंचाने ६० दिवसांत निर्णय द्यायचा असतो. लाईट कापण्याची टांगती तलवार असेल तर अर्जातच अंतरिम आदेश (निकाल लागेपर्यंतचा तात्पुरता आदेश) मागा, वेगळं मागितल्याशिवाय मिळत नाही.

मंचाचा निकाल पटला नाही तर ६० दिवसांच्या आत विद्युत लोकपालांकडे, मुंबई आणि नागपूरला कार्यालयं आहेत. मंचाने तुम्हाला काही रक्कम भरायला सांगितली असेल तर तिच्या निम्मे किंवा २५,००० रुपये, यातलं जे कमी ते आधी भरावं लागतं.

मंचाकडे तीन मुद्दे नेऊन सहापैकी पाच पानं भावनेची लिहू नका. तारखांचा एक तक्ता, बारा बिलं, सीपीएल, फोटो, शिक्क्याचा अर्ज. एवढं असलं की समोरच्यालाच उत्तर देताना घाम फुटतो.

वीजचोरी (कलम १३५) आणि अनधिकृत वापर (कलम १२६) ही प्रकरणं मंच घेत नाही. १२६ चं तात्पुरतं आकारणीपत्र हातात पडलं की लगेच लेखी हरकत द्या, अंतिम आदेश झाल्यावर अपिलाला फक्त ३० दिवस असतात आणि निम्मी रक्कम आधी भरावी लागते. यात ग्राहक "बघू नंतर" म्हणून बसला की संपलं.

आणि दरवाढच मान्य नसेल तर

मंच किंवा लोकपाल दर कमी करू शकत नाहीत, तिथे जाऊन उपयोग नाही. दरावर बोलायची जागा म्हणजे दर ठरण्याआधीची जनसुनावणी. कंपनी आयोगाकडे याचिका करते, ती जाहीर करावी लागते, लोकांच्या सूचना-हरकती मागवाव्या लागतात, आणि कलम ६४ प्रमाणे त्या विचारात घेऊन आयोग आदेश देतो. वर्तमानपत्रात बारीक टायपात जाहिरात येते, शेवटची तारीख जवळची असते, त्यामुळे आयोगाच्या वेबसाइटवर लक्ष ठेवलेलं बरं. सोसायटीने, व्यापारी संघटनेने मिळून एक हरकत दिली तरी चालतं. आदेश झाल्यावर मात्र दिल्लीचं विद्युत अपिलीय न्यायाधिकरण, ४५ दिवसांत, आणि ते एकट्यादुकट्याच्या आवाक्यातलं नाही.

हरकत लिहिताना "महागाई आहे, दर वाढवू नका" एवढंच लिहिलं तर ती हजारांच्या गठ्ठ्यात जाते. याचिकेतला आकडा धरा. वसुली किती टक्के धरलीय, वितरण हानी (वाटेत गळणारी, चोरीला जाणारी वीज) किती दाखवलीय आणि गेल्या आदेशात आयोगाने किती मान्य केली होती, बुडीत कर्जासाठी किती तरतूद मागितलीय. न वसूल झालेल्या बिलांचा बोजा नियमित भरणाऱ्यांवर येतो तो याच ओळींतून येतो, आणि आयोगाला या ओळींवर आलेल्या हरकतीला आदेशात उत्तर द्यावं लागतं. याचिकेचा गोषवारा मराठीतही मिळतो, तो आधी वाचा, मग मूळ याचिकेतलं फक्त तेवढं प्रकरण उघडा आणि हरकतीत पान क्रमांक टाका.